चॅटमधले 'मी' मोजून नार्सिसिस्ट ओळखता येतो का? साखरपुड्याआधीच्या एका प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही २७ वर्षांच्या, ऐरोलीत राहता, तिथेच आयटीत नोकरी करता. विवाहमंडळातून ठाण्याचं स्थळ आलंय. मुलगा कासारवडवलीचा, बँकेत चांगल्या हुद्द्यावर. तीन भेटी झाल्या, दोन महिने व्हॉट्सॲपवर बोलणं चाललंय. तुळशीचं लग्न लागलं की साखरपुडा करून टाकावा असं दोन्ही घरांचं म्हणणं. अशात मैत्रिणीने एक रील पाठवलं, ज्यात म्हटलंय की बोलताना सारखं 'मी मी' करणारा माणूस नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात असलेला, असतो. तुम्ही पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून 'मी, मला, माझं' मोजलंत. त्याचे निघाले ४१२ आणि तुमचे १९०. आता विचारताय, हा नार्सिसिस्ट आहे का, आणि नकार देऊ का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात नौपाड्यात बसते. माझ्याकडच्या कामाचा मोठा भाग लग्नाआधीच्या आणि लग्नानंतरच्या जोडप्यांचा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

पहिल्यांदा सरळ उत्तर. त्या ४१२ वरून तो नार्सिसिस्ट आहे की नाही हे कळत नाही. थोडंफारही कळत नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, जी त्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. तुमची आजी दवाखान्यात होती त्या रात्री तुम्ही त्याला कळवलंत. त्याने "ओह, काळजी घे" लिहिलं आणि पुढच्याच मेसेजपासून स्वतःच्या अप्रेझलबद्दल लिहायला लागला. त्यानंतर दोन दिवस आजीचं नावही काढलं नाही. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. "ह्या माणसाबरोबर राहिले तर माझ्या वाट्याला काही जागा असेल का?" हे तुम्हाला विचारायचंय. मोजणी त्यानंतर आली, कारण पोटात आलेल्या शंकेला काहीतरी पुरावा हवा होता. शंका फेकून देऊ नका. पुरावा मात्र चुकीच्या जागी शोधताय.

आधी त्या मोजणीचं बघू. दोन महिन्यांत त्याने एकूण किती शब्द लिहिले आणि तुम्ही किती लिहिलेत? तो तुमच्या दुप्पट लिहीत असेल तर त्याचे 'मी'ही साधारण दुप्पट निघणार, त्यात स्वभावाचा काही संबंध नाही. भाषेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ कधीच नुसती संख्या घेत नाहीत. एकूण शब्दांपैकी किती टक्के शब्द अमुक प्रकारचे आहेत ते काढतात. अमेरिकेत जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक संगणकीय साधन तयार केलं आणि आज ह्या विषयावरचं बरंचसं संशोधन त्याच टक्केवारीवर उभं आहे.

आता रीलमधल्या दाव्याचं मूळ. तो हवेतून आलेला नाही. १९८८ मध्ये रॉबर्ट रास्किन आणि रॉबर्ट शॉ ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना थोडा वेळ मनाला येईल ते बोलायला लावलं, त्यांची सर्वनामं मोजली आणि नार्सिसिझमच्या प्रश्नावलीतल्या गुणांशी ताडून पाहिली. जास्त गुणवाल्यांनी 'मी' जास्त आणि 'आम्ही' कमी वापरलं असं दिसलं. निष्कर्ष ऐकताक्षणी पटण्यासारखा होता, त्यामुळे तो पुस्तकांत गेला, वर्तमानपत्रांत गेला, नेत्यांच्या भाषणांतले 'मी' मोजण्याची फॅशन आली. पण अभ्यासातले विद्यार्थी होते पन्नासच्याही आत.

जवळजवळ सत्तावीस वर्षांनी, २०१५ मध्ये, अँजेला केरी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासला. अमेरिका आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळांमधून पंधरा वेगवेगळे गट, मिळून ४,८११ माणसं. कुणी स्वतःविषयी लिहिलेलं, कुणी मनात येईल ते लिहिलेलं, कुणी बोललेलं, असं निरनिराळं साहित्य. 'मी' वापरणं आणि नार्सिसिझम यांच्यात संबंध निघाला ०.०२. हा आकडा उणे एक ते अधिक एक अशा मोजपट्टीवरचा आहे, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, आणि त्याचा वर्ग केला तर येतात दहा हजारांतले चार भाग. म्हणजे माणसामाणसांत नार्सिसिझमचा जो फरक असतो, त्यातले दहा हजारातले चार भाग 'मी'च्या मोजणीने समजतात. ऐरोली पुलावरून आज गाडीला किती वेळ लागेल हे गाडीच्या रंगावरून सांगण्यासारखं आहे ते.

मग 'मी' जास्त कोण वापरतं? हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय, कारण रीलमधला दावा इथे जवळपास उलटा होतो. २०१९ मध्ये अ‍ॅलिसन टॅकमन आणि सहकाऱ्यांनी ४,७५४ लोकांचा असाच एकत्रित अभ्यास मांडला. 'मी'चा संबंध दिसला तो नैराश्याशी, आणि त्याच्याही मागे चिंता, चिडचिड, मनाचा सतत त्रास होत राहणं ह्या एकूण प्रवृत्तीशी. संबंध साधारण ०.१०, म्हणजे तोही लहानच, पण नार्सिसिझमपेक्षा स्पष्ट. ज्याला आत काहीतरी टोचतंय त्याचं लक्ष स्वतःकडे वळतं आणि ते भाषेत उतरतं. शिवाय २०१४ मधल्या एका अभ्यासमालेत असं दिसलं की उतरंडीत वरच्या जागेवरचा माणूस 'मी' कमी वापरतो आणि खालचा जास्त. ऑफिसातली ईमेल आठवून बघा. "मला वाटतं, मी हे उद्यापर्यंत करू शकेन, मी विचारलं होतं" हे कोण लिहितं, आणि "हे उद्या हवंय" कोण लिहितं?

आता त्या मुलाची जागा डोळ्यांसमोर आणा. तो स्थळ म्हणून आलाय. पगार किती, घर कुणाच्या नावावर, ट्रान्सफर होईल का, आईवडील सोबत राहणार का, असे प्रश्न त्याला दोन्हीकडून विचारले जाताहेत. स्वतःबद्दल सांगणं हेच ह्या दोन महिन्यांतलं त्याचं काम आहे. अशा वेळी 'मी' वाढणारच. कदाचित तो घाबरलेला असेल. कदाचित अप्रेझलचं त्याला खरंच टेन्शन असेल. मी त्याची बाजू घेत नाहीये. एवढंच म्हणतेय की हा आकडा घाबरलेल्या मुलाचाही असाच आला असता आणि आत्मकेंद्री मुलाचाही असाच.

शिवाय आपलं मराठी. हे सगळं संशोधन प्रामुख्याने इंग्रजी आणि जर्मन बोलणाऱ्यांवर झालंय. तिथे प्रत्येक वाक्याला कर्ता उच्चारावा लागतो. आपल्याकडे "निघालो", "जेवलीस का?", "पोचले की फोन करते" यात कर्ता क्रियापदातच आहे. मराठीत बोलताना दिवसभर स्वतःबद्दलच बोलूनही 'मी' फारसा न उच्चारणं सहज शक्य आहे. त्यात तुमचं चॅट अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, रोमन लिपीत. तो इंग्रजीकडे जास्त झुकत असेल तर त्याचे 'आय' आपोआप वाढले असतील. तुमचं मराठी नीट असेल तर तुमचे कमी दिसतील. तेव्हा बाहेरून आणलेली मोजपट्टी मराठी चॅटवर तशीच्या तशी चालत नाही.

उलट मराठीत बघण्यासारखी वेगळी जागा आहे, ती म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे तिथल्या अभ्यासांत हा फरक येतच नाही. तो त्याच्या घराबद्दल "आम्ही" म्हणतो हे स्वाभाविक आहे, तुम्ही अजून त्या घरच्या नाही. पण "आपण कुठे राहायचं?" असं विचारतो का, की "आपण ठाण्यातच राहायचं" असं सांगून मोकळा होतो? दोन्हींत 'आपण' आहे, गोड वाटतं. एकात तुम्ही आहात, दुसऱ्यात तुमचं मत गृहीत धरलंय. ह्यावर कुणी शास्त्रीय मोजणी केल्याच्या आधारावर मी हे म्हणत नाहीये. समोर बसलेल्या जोडप्यांचं बोलणं ऐकून बनलेली ही माझी नजर आहे, तेवढ्याच वजनाने घ्या.

नार्सिसिझम म्हणजे नक्की काय, हेही जरा नीट करून घेऊ, कारण रीलवाल्यांनी त्या शब्दाचा चेंदामेंदा केलाय. त्याचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे स्वभावाचा गुणधर्म. तो उंचीसारखा कमीजास्त प्रमाणात सगळ्यांत असतो, तुमच्यात, माझ्यात, त्याच्यातही. संशोधनातल्या प्रश्नावल्या हाच मोजतात. दुसरा म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा विकार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तो १९८० मध्ये आला. आजच्या निकषांप्रमाणे नऊपैकी किमान पाच लक्षणं हवीत. तीही तरुणपणापासून, आयुष्याच्या वेगवेगळ्या क्षेत्रांत टिकून राहिलेली आणि माणसाच्या जगण्याला किंवा नात्यांना बाध आणणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात तर हा वेगळा कप्पाच राहिलेला नाही. तिथे आधी व्यक्तिमत्त्वातली अडचण किती तीव्र आहे हे ठरवतात आणि मग तिचा रोख कुठे आहे ते पाहतात. हे निदान प्रत्यक्ष भेटून, बराच वेळ देऊन, माणसाचा मागचा इतिहास ऐकून करायचं असतं. मैत्रिणीने, रीलने किंवा चॅट टाकल्यावर उत्तर देणाऱ्या एआयने ते करता येत नाही. मलाही तुमच्या वर्णनावरून करता येणार नाही, आणि मी करणारही नाही.

गुणधर्म म्हणून पाहिलं तरी त्याचे चेहरे दोन. एक भपकेदार: आत्मविश्वास, छाप पाडणं, मी इतरांपेक्षा वेगळा ही भावना. दुसरा आतून जखमी: सतत कमीपणा वाटणं, कुणी काही बोललं की दिवसचे दिवस मनात धरणं, आणि तरीही जगाने आपल्याला खास वागवावं ही अपेक्षा. ह्या दुसऱ्या प्रकारचा माणूस बढाया मारतच नाही. तो हळवा, समजूतदार वाटतो. 'मी मी' शोधत बसलात तर हा तुमच्या नजरेतून सहज सुटेल.

जर्मन मानसशास्त्रज्ञ मित्या बाक यांनी २०१३ मध्ये आणखी एक विभागणी मांडली, जी मला कामात फार उपयोगी पडते. एक बाजू कौतुक मिळवण्याची, दुसरी बाजू दुसऱ्याला खाली खेचण्याची. पहिली बाजू सुरुवातीला दिसते आणि माणसाला आकर्षक बनवते. दुसरी तेव्हा दिसते जेव्हा त्याला आपलं स्थान धोक्यात आलंय असं वाटतं. म्हणजे ती दिसायला काहीतरी घडावं लागतं. आणि तीन भेटींत सहसा काहीच घडत नाही. उपवनला फेरी, कॉफी, एखादं जेवण. दोघंही छान कपड्यांत, दोघंही सांभाळून.

ह्या भेटींच्या बाबतीतलं संशोधन तुम्ही घरच्यांनाही सांगावं असं आहे. कॅनडातले डेलरॉय पॉलहस यांनी १९९८ मध्ये विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना सात वेळा एकत्र बसवून चर्चा करायला लावली आणि पहिल्या आणि सातव्या भेटीनंतर एकमेकांबद्दलचं मत विचारलं. स्वतःला फुगवून पाहणारे विद्यार्थी पहिल्या भेटीत इतरांना आवडले होते, सातवीपर्यंत त्यांच्याबद्दलचं मत उतरलं होतं. २०१० मध्ये बाक आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की कॉलेजच्या पहिल्याच दिवशी, काहीही ओळख नसताना, नार्सिसिझम जास्त असलेली मुलं जास्त आवडली. आणि त्यातही 'मला मिळायलाच हवं, त्यासाठी इतरांना वापरलं तरी चालेल' हा पुढे सगळ्यांत त्रासदायक ठरणारा भागच पहिल्या नजरेत सगळ्यांत आकर्षक ठरला. नीट कपडे, मोकळं हसू, चटपटीत बोलणं, ठाम देहबोली यांमुळे. तुमचे बाबा म्हणतात ना, "मुलगा किती स्मार्ट, किती कॉन्फिडंट आहे"? बाबांचं निरीक्षण खरंच आहे. फक्त त्यावरून पुढचं काही सांगता येत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

तेव्हा बघायचं काय? माझ्या मते शब्द मोजण्याऐवजी, तुम्ही बोललेल्या वाक्याचं पुढे काय होतं ते पाहा.

चार्ल्स डर्बर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये रोजच्या गप्पांचा अभ्यास करून दोन प्रकारची उत्तरं वेगळी काढली. समजा तुम्ही म्हणालात, "आज क्लायंट कॉलवर मॅनेजर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला." एक उत्तर असं: "ओरडला? कशावरून? मग तू काय म्हणालीस?" दुसरं असं: "माझ्या बॉसचं काय सांगू तुला, गेल्या क्वार्टरला त्याने..." पहिल्यात विषय तुमच्याकडेच राहतो. दुसऱ्यात तो उचलून त्याच्याकडे जातो. गंमत अशी की पहिल्यात 'तू' आलंय आणि दुसऱ्यात 'माझ्या', तरी सर्वनामं मोजून हा फरक पकडता येत नाही. "तू ना, उगाच मनाला लावून घेतेस" ह्यातही 'तू' आहेच की. २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणात भपकेदार नार्सिसिझमशी किंचित जोडलेल्या शब्दांत 'तू-तुम्ही' प्रकारची सर्वनामं, शिव्या आणि खेळांविषयीचे शब्द निघाले होते. भीती-चिंतेचे आणि 'कदाचित, बहुधा' असे शब्द थोडे कमी. हे संबंध इतके लहान आहेत की हजारो माणसं एकत्र घेतली तरच दिसतात. आता ही यादी घेऊन पुन्हा चॅट मोजायला बसू नका, म्हणून मुद्दाम सांगितलं.

इथे एक अडचण आहे आणि ती परिस्थितीवर अवलंबून आहे. आपल्याकडे अनेक घरांत स्वतःचं सांगणं हीच सहानुभूती असते. "अगं, माझ्या मामींनाही अगदी असंच झालं होतं" हे म्हणणारी बाई विषय पळवत नसते, "तू एकटी नाहीस" असं सांगत असते. मुलग्यांना तर बहुतेक घरांत दुःखाच्या बातमीवर काय बोलायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं. "ओह, काळजी घे" लिहिल्यावर पुढे काय लिहावं ते सुचत नाही, शांतता सहन होत नाही, मग जे हाताशी आहे ते, म्हणजे अप्रेझल. माझ्याकडे असे अनेक मुलगे येतात जे स्वभावाने अगदी प्रेमळ आहेत आणि बोलण्यात हीच चूक करतात. त्यामुळे एका रात्रीच्या मेसेजवरून निकाल लावू नका.

फरक कुठे कळतो? तो परत येतो का ह्यात. स्वतःचं सांगून झाल्यावर, निदान दुसऱ्या दिवशी, "आजी कशी आहे? रिपोर्ट आले का?" असं विचारणारा माणूस तुमचं ऐकत होता. २०१७ मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी स्पीड डेटिंगच्या संभाषणांचा अभ्यास केला. समोरच्याने सांगितलेल्या गोष्टीवर पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी होकार जास्त मिळाला. प्रश्नांची नुसती सरबत्ती नको, आधीच्या उत्तरातून उगवलेला प्रश्न हवा. तुमच्या बाबतीत तो दोन दिवस परत आला नाही. म्हणून तुमच्या मनात ते राहिलं, आणि राहायलाच हवं होतं.

पण ते त्याला सांगितलंत का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, नाही. माझा सगळ्यांत मोठा आग्रह ह्या एका गोष्टीचा आहे. त्याला सांगा. समोर बसून, आवाज न चढवता, आरोप न करता: "आजी ॲडमिट होती तेव्हा मला वाटलं होतं तू विचारशील. नाही विचारलंस, मला वाईट वाटलं." बस. 'तू नेहमी असाच', 'तुला माझी पर्वाच नाही' असलं काही जोडू नका. आणि मग गप्प राहून ऐका. "अरे, हो गं. सुचलंच नाही मला. सॉरी. आता कशी आहे?" असं आलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या वागण्यात फरक दिसला, तर बोलण्यातली ती सवय बदलण्यासारखी आहे. "मी तर लिहिलं होतं काळजी घे म्हणून, अजून काय करायचं होतं?" असं आलं तर थोडं थांबा, पहिली प्रतिक्रिया बचावाची असू शकते, बऱ्याच चांगल्या माणसांची असते. दुसऱ्या दिवशी तो त्यावर काही बोलतो का पाहा. आणि "तू फारच सेन्सिटिव्ह आहेस", "तुझ्यासारख्या मुलीशी बोलायचं म्हणजे...", किंवा तीन दिवस अबोला, किंवा तुम्हालाच माफी मागायला लावणं, असं झालं तर ते मनात नीट नोंदवा. बाकांनी सांगितलेली ती दुसऱ्याला खाली खेचण्याची बाजू अशाच क्षणी दिसते.

दुसरी जागा म्हणजे तुमचा नकार. छोटा, खराखुरा नकार. परीक्षा घ्यायची म्हणून खोटं नाटक करू नका, ते अन्यायाचं आहे आणि समोरच्याला कळतंही. पण रोजच्या आयुष्यात नाही म्हणायची वेळ येतेच. तो म्हणाला शनिवारी भेटू, तुम्हाला मैत्रिणीकडे जायचंय. तो म्हणाला लग्नानंतर ऐरोलीची नोकरी सोडून घोडबंदरच्या बाजूला काहीतरी बघ, तुम्हाला ते नकोय. तेव्हा काय होतं? माणूस नाराज होतो, चालतं. कारण विचारतो, चालतं. मधला मार्ग काढू म्हणतो, उत्तम. पण तुमच्या 'नाही'चा त्याला अपमान वाटत असेल, तो पुन्हा पुन्हा तोच विषय काढून तुम्हाला दमवत असेल, किंवा "माझ्यासाठी एवढंही करणार नाहीस?" असं प्रत्येक वेळी येत असेल, तर ते साखरपुड्याआधी समजणं तुमच्या हिताचं. लग्नानंतर माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी विचारते की सुरुवातीला काही जाणवलं होतं का. तो स्वतःबद्दल फार बोलायचा, असं क्वचितच कुणी सांगतं. बहुतेकींना आठवतो तो पहिला नकार. लग्नाच्या शालूचा रंग असेल, हनिमूनचं ठिकाण असेल, एखादा नातेवाईक बोलवायचा की नाही हे असेल. "तेव्हाच त्याचा चेहरा बदलला होता, पण हॉल बुक झाला होता," असं मी अनेकींकडून ऐकलंय.

तिसरं, ज्यांच्याकडून त्याला काही मिळवायचं नाही अशांशी तो कसा बोलतो. रिक्षावाला, सोसायटीचा वॉचमन, त्याच्याहून ज्युनिअर सहकारी, आधी नाकारलेल्या मुली. जुन्या स्थळांबद्दल "जमलं नाही" एवढं म्हणणारा वेगळा आणि प्रत्येकीत खोट काढणारा वेगळा. त्यासाठी फक्त दोघांनी कॅफेत बसणं पुरत नाही. त्याच्या मित्रांबरोबर, तुमच्या भावंडांबरोबर, गर्दीत, उशीर झालेला असताना भेटा. तलावपाळीला रविवारी संध्याकाळी पार्किंग शोधताना माणूस जितका कळतो तितका मॉलमधल्या एसीत कळत नाही.

तुम्ही त्याच्या आईबद्दलही लिहिलंय, की त्या सतत "आमच्या मुलासारखा मुलगा शोधून सापडणार नाही" म्हणतात. ह्यावर २०१५ मधला एडी ब्रुमेलमन यांचा नेदरलँड्समधला अभ्यास आहे, सात ते बारा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा. आपलं मूल इतर मुलांपेक्षा खास आहे, त्याला जास्त मिळायला हवं असं मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे नार्सिसिझम थोडा वाढलेला दिसला. माया, जवळीक देणाऱ्या पालकांच्या मुलांत मात्र वाढला तो निरोगी आत्मसन्मान. ह्यावरून कुणा एका आईला दोष देता येत नाही, परिणाम लहान आहेत. आणि स्थळ दाखवताना मुलाचं कौतुक कोण करत नाही? त्यांच्या वाक्यापेक्षा, आई असं म्हणत असताना तो काय करतो ते बघा. संकोचतो, विषय बदलतो, की अजून भर घालतो?

"लग्न झालं की सुधारेल" असं कुणी म्हटलं तर त्याचंही उत्तर आहे. २०२४ मध्ये उलरिख ओर्थ आणि सहकाऱ्यांनी ३७,२४७ लोकांवरचे दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले. वयाबरोबर नार्सिसिझम हळूहळू कमी होतो हे खरं निघालं. पण तरुणपणी जो आपल्या बरोबरीच्यांपेक्षा वर होता तो बहुधा पुढेही त्यांच्यापेक्षा वरच राहतो. तेव्हा आज जसा आहे तसा तो तुम्हाला चालेल का, ह्यावर ठरवा.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण तिच्यात वाट बघायची नसते. तो तुमचा फोन तपासायला मागत असेल, कुणाशी बोलायचं ते ठरवत असेल, पासवर्ड मागत असेल, पैशांची मागणी होत असेल, धमकी किंवा हात उगारणं झालं असेल, तर त्याच्या व्यक्तिमत्त्वाचं विश्लेषण करायला बसू नका. घरच्यांना सांगा आणि थांबवा. गरज पडली तर महिलांसाठी १८१ आहे. मन फार अस्वस्थ असेल, झोप उडाली असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मिळते, मराठीतही बोलता येतं. तुमच्या लिहिण्यात असं काही नाही, तरी हे उत्तर इतर कुणी वाचत असेल म्हणून लिहिलं.

आणि नकार द्यायला निदान लागत नाही, हेही लक्षात असू द्या. तो नार्सिसिस्ट नसतानाही तुम्हाला नको असू शकतो. तुम्हाला ऐकून घेणारा नवरा हवाय, हे कारण पुरेसं आहे. त्यासाठी त्याला आजारी ठरवायची गरज नाही. उलट ते लेबल एकदा तोंडून गेलं की ते दोन घरांत, नातेवाइकांत, विवाहमंडळाच्या ग्रुपवर फिरतं आणि त्या मुलाच्या पाठीला चिकटतं. माझ्याकडे असे मुलगेही आलेत ज्यांना कुणीतरी चॅटवरून हा शिक्का मारला आणि त्यानंतर ते कुणाशीच मोकळेपणी बोलू शकले नाहीत.

राहिला प्रश्न घरच्यांना काय सांगायचं. "तो नार्सिसिस्ट वाटतो" असं म्हणालात तर बाबा विचारतील म्हणजे काय, तुम्ही रील दाखवाल आणि वाद रीलवर होईल. त्यापेक्षा एवढंच सांगा: "मला अजून चार-पाच वेळा भेटायचंय, निरनिराळ्या प्रसंगी. तोपर्यंत तारीख काढू नका, हॉलला ॲडव्हान्स देऊ नका." तारीख पुढे ढकलल्याने स्थळ हातचं जाईल असं म्हणतील, तेव्हा ठाम राहा. दोघांची तयारी असेल तर लग्नाआधीच्या समुपदेशनाची एक-दोन सत्रं एकत्र करा. ठाणे आणि नवी मुंबईत ती आता सहज मिळतात. दोघं पैसा, घर, मूल, आईवडील ह्यांवर एका तिसऱ्या माणसासमोर बोलतात तेव्हा कोण कोणाचं ऐकतं ते एका तासात बरंच दिसतं.

हा वेळ हवाय हे त्यालाही तुम्ही स्वतः सांगा, मोठ्यांकडून निरोप जाऊ देऊ नका. त्याच्या घरचे घाई करतील असं तुम्ही लिहिलंय. ते घाई करतील तेव्हा तो "तिला वेळ हवाय तर देऊ या" असं आपल्या आईवडिलांना सांगतो का, ते बघा. भेटी झाल्या की जमलं तर इथे पुन्हा लिहा. तेव्हा तो किती वेळा 'मी' म्हणाला हे नको, त्याने तुम्हाला काय काय विचारलं ते लिहा.